घरच्या लग्नाचा सैपाक घरीच करायचाय? आधी कोठीवर माणूस बसवा

एका भावानं विचारलंय की बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, गावात दारातच, माणूस धरलाय पाचशे, केटररवाला ताटाला 180 रुपये म्हणायलाय म्हणजे सरळ 90 हजार, तेवढे हातात नाहीत, तर आचारी लावून सैपाक घरीच केला तर जमेल का, वाचेल किती आणि पाव्हण्यासमोर फजिती तर नाही ना व्हायची. मी औसा तालुक्यातला, वडिलांच्या हाताखाली कढया घासायपासून सुरुवात केली, आता 24 वर्षं झाली भट्टीवर उभा आहे, लातूर, धाराशिव, बीड, तिकडं नांदेडपर्यंत लग्नं केलीत, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

जमतंय, शंभर टक्के जमतंय. पण निम्म्यात होतं असं कुणी सांगितलं असंल तर ते डोक्यातून काढा. आमच्या भागातल्या सध्याच्या भावानं साधं पण पोटभर ताट आचारी, गॅस, भांड्याचं भाडं, पाणी, पत्रावळी सगळं धरून 115 ते 125 ला पडतं, म्हणजे 90 च्या जागी 60 हजाराच्या आसपास. घरची तूर, घरचे गहू, घरच्या शेंगा असतील तर अजून खाली येतं, एक क्विंटल तुरीची मिलवर साधारण 70 किलो दाळ मिळते, ती विकत घ्यायचा खर्च वाचतोच. तर वाचतात तीसेक हजार. आता हे तीस हजार खरंच तुमच्या खिशात राहतात का हे ठरतं एका जागेवर, आणि ती जागा म्हणजे कोठी.

कोठी म्हणजे सामान ठेवलेली खोली. बहुतेक घरात काय होतं, सामान येतं, आतल्या खोलीत टाकतात, दार उघडंच, आचाऱ्याचा पोरगा येतो तेलाचा डबा नेतो, कुणाची तरी चुलती येते शेंगदाणे नेती, दुसऱ्या भट्टीवरचा माणूस दुसरा डबा फोडतो कारण पहिला कुठं ठेवलाय ते त्याला माहीत नाही. चोरी कुणी करत नाही हो, पण हिशोब कुणाकडंच नसतो. मी एकाच घराण्यात दोन महिन्याच्या अंतरानं दोन लग्नं केली, माणूस तेवढंच, ताट तेच. पहिल्या लग्नात तेलाचे सात डबे गेले, दुसऱ्यात चार. फरक एवढाच की दुसऱ्या लग्नात मुलीचे मावसे, रिटायर झालेले गुरुजी, कोठीच्या दारात खुर्ची टाकून वही घेऊन बसले होते आणि म्हणायचे रिकामा डबा आणा, भरलेला न्या. आमची पोरं पहिल्यांदा चिडली, मग त्यांना पण कळलं की यामुळं आपलं कामच सोपं झालंय, कारण काय शिल्लक आहे हे कुणाला तरी माहीत आहे.

हा माणूस मुलीचा बाप नको आणि भाऊ तर नकोच, तुम्हाला त्या दिवशी धा ठिकाणी बोलावणं येणार. थोरला मावसभाऊ, आत्याचे यजमान, कुणीतरी शांत डोक्याचा, पिणारा नसलेला, जो अक्षता टाकायला पण जाणार नाही. किल्ली त्याच्याच करदोड्याला. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या, किती वाजता, काय दिलं, कुणी नेलं. हे माणूस ठरल्याशिवाय आचाऱ्याला इसार देऊ नका, खरं सांगतो.

आता दुसरी गोष्ट जी लोक विसरतात. लग्नाचं जेवण एक नसतं, चार असतात. हळदीच्या रातीचं दीडशे माणसाचं, सकाळचा नाश्ता दोनशेचा, मग दुपारची मोठी पंगत, आणि वऱ्हाड गेल्यावर राहिलेल्या सोयऱ्याधायऱ्यांचं सांच्याला शंभरेक ताट. पाचशेचा हिशोब करून बसता आणि प्रत्यक्षात हजाराच्या जवळ ताटं उठतात, मग म्हणतात आचाऱ्यानं बुडवलं. हळदीला खिचडी-कढी नाहीतर पिठलं-भाकरी ठेवा, गल्लीतल्या बाया भाकऱ्या करून आणतात, आधी पीठ घरोघर वाटून दिलं की काम हलकं होतं, आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. सकाळी सुशीला करा, म्हणजे चुरमुऱ्याचा पोह्यासारखा नाश्ता. पोह्यापेक्षा स्वस्त पडतो, दोनशे माणसाला 10 किलो चुरमुरे बास होतात, भिजवून पिळून फोडणीत टाकले की वीस मिनिटात एक कढई निघते आणि जास्त वेळ भट्टी अडकून पडत नाही.

माणसं मोजायची कशी हे विचारता तर पत्रिका मोजू नका. आवतन मोजा. गावात कुठल्या घराला चूलबंद म्हणजे सगळ्या घरादाराला आवतन आहे आणि कुठल्या घराला घरटी एक माणूस, हे आधी घरात बसून ठरवा. चूलबंदला आम्ही साडेचार माणूस धरतो, मोठी खटली असतील तर मोजून. वऱ्हाडाचं मात्र त्यांच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, दीडशे म्हणतात अन् अडीचशे येतात, त्यात त्यांचा पण दोष नसतो, गाडीत जागा असली की माणूस बसतोच. म्हणून गाड्या विचारा. क्रुझर असंल तर 12-13, ट्रॅव्हल्स असंल तर 50, शिवाय मोटरसायकलवाले वेगळे. त्याच दिवशी गावात नाहीतर भावकीत अजून लग्न आहे का तेपण बघा, दाट तिथीला गावातली माणसं वाटली जातात आणि शंभर ताटं उरतात. आणि ज्या आकड्यावर येताल त्यात दहा टक्के वाढवा, त्याच्यावर नाही.

ताटात काय ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे, पदार्थ कमी ठेवा आणि गरम वाढा. पुरी, वांगं-बटाट्याचा शेंगदाण्याच्या कुटातला रस्सा, बुंदी, वरण-भात, मठ्ठा. झालं. पनीर, मंच्युरियन, पाणीपुरीचा ठेला, हे केटररच्या ताटात शोभतं कारण त्याच्याकडं त्याची माणसं आहेत, तुमच्याकडं नाहीत. प्रत्येक वाढीव पदार्थ म्हणजे एक भट्टी, एक माणूस, एक बगुनं म्हणजे मोठं पातेलं आणि पंगतीत एक जास्तीचा वाढपी. भजे ठेवावे का असं बायका हमखास विचारतात, मी नको म्हणतो, तळण एकच ठेवा ते म्हणजे पुरी, भज्याला माणूस कायमचा कढईवर अडकतो, तेल वेगळं जातं आणि शेवटच्या पंगतीला गार भजे मिळाले की रुसवा वेगळाच.

पाचशे माणसाला दुपारच्या ताटाचं माप देतो, हे आमच्या हातचं आहे आणि खेड्यातल्या खाण्याचं आहे, शहरात थोडं कमी लागतं. तूरदाळ 18 ते 20 किलो. तांदूळ 40 ते 45. पुरीची कणीक 50 ते 55. बुंदीला बेसन 15 आणि साखर 25, त्याची चाळीसच्या पुढं बुंदी निघती, दुसऱ्यांदा वाढूनसुद्धा पुरती. वांगी 40, बटाटे 15 ते 18, शेंगदाणे 8. मठ्ठ्याला 25 लिटर दही, ताक करून 70-75 लिटर होतं. तेलाचे तीन डबे आणि चौथा न फोडता परत करायच्या बोलीवर. हे परत करायचं किराणावाल्याशी आधीच बोलून घ्या, सील न फोडलेला माल तो परत घेतो, पण लग्न झाल्यावर विचारलं तर घेत नाही. तेल घेताना अजून एक बघा, डब्यावर 15 किलो लिहिलंय का 15 लिटर. 15 लिटरच्या डब्यात तेल भरतं पावणेचौदा किलोच्या आतबाहेर, भाव मात्र लोक किलोच्या डब्याशी तोलतात आणि स्वस्त मिळाला म्हणून खुश होतात. आणि मसाल्याला हळद, धने सुटेच घ्या, हळद तर आपल्या वसमतचीच, थोडी लागते आणि रंग धरते.

आचाऱ्याची यादी आली की ती जशीच्या तशी दुकानात देऊ नका. आम्ही आचारी यादी चढीच लिहितो. आमच्यात कुणाला कमी पडल्याचा बोल नको असतो, उरलं तर कुणी आम्हाला बोलत नाही, पण कमी पडलं की दहा गावात नाव होतं. म्हणून यादी घेतल्यावर माझ्यासमोर बसून एकेका मालाला कशासाठी, किती ताटाला असं विचारणारा यजमान मला आवडतो, अशा बैठकीत मी स्वतःच दहा-पंधरा टक्के खाली येतो. आचारी मात्र स्वस्तातला शोधू नका. मुख्य आचारी, दोन हाताखालचे, तीन पुऱ्या लाटायच्या बाया, दोन भांड्याला, एवढी माणसं तो आणतोय का ते लिहून घ्या. दोन हजार कमी घेणारा नेमका भांड्याची माणसं आणत नाही आणि मग तुमच्याच घरच्या सुना लग्नाच्या दिवशी नळाखाली बसतात. मला ते बघवत नाही. घरच्या लेकीबाळींनी नटून मांडवात बसावं, त्यासाठी दोन माणसाची हजेरी मोजली तर काय झालं.

पाणी. आपल्याकडं हे आधी यायला पाहिजे होतं खरं तर. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात पण आम्ही लग्नं केली, तेव्हापासून मी पाण्याची सोय बघितल्याशिवाय तारीख घेत नाही. प्यायला पाचशे माणसाला मे महिन्यात 20 लिटरचे 30 जार सांगा. सैपाकाला आणि भांड्याला एक टँकर वेगळा, आदल्या दिवशी सांच्यालाच आणून ठेवा, सकाळी येतो म्हणलेला टँकर दुपारी येतो. टँकरच्या पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध टाका, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. आणि दाळीला बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात दाळ दोन तास उकळली तरी कण राहतो, गॅस जळतो तो वेगळा. विहिरीचं गोडं पाणी असंल तर ते दाळीसाठी राखून ठेवा, नाहीतर जारचंच वापरा, चार जार जास्त गेले तरी गॅसमध्ये निघून येतात. दाळ रातच्याला नाही, सकाळी दोन तास आधी भिजवायची, उन्हाळ्यात रातभर भिजलेली दाळ फेसाळते.

आता फजितीचं विचारलंय तर माझ्या हातून झालेलं सांगतो. एका लग्नात मुहूर्त 12:35 चा, मी पहाटे चारला भट्टी पेटवली, साडेनऊला वरण तयार, झाकून ठेवलं, वर पोती टाकली. वरात डीजेपुढं नाचत नाचत मांडवात आली तेव्हा दोन वाजले होते. झाकण काढलं तर वरणावर फेस आणि वास. बाहेर 42-43 डिग्री ऊन, बगुनं कोमट, साडेचार तास. दोन्ही बगुनी मी तिथंच उकिरड्यावर ओतली, यजमान रडकुंडीला आले, म्हणले पुन्हा उकळून वाढा की. उकळून आंबट वास जातो पण पोट बिघडायचं ते बिघडतंच, मी ऐकलं नाही. कोठीवर मुलीची आत्या होती, तिनं वही बघून सांगितलं की सहा किलो येसर म्हणजे आमटीचं भाजून दळलेलं पीठ आहे, हळदीसाठी दळलेलं, वापरलंच नाही. तीन भट्ट्यांवर आधण ठेवलं, लसणाची फोडणी, येसर कालवून सोडलं आणि पाऊण तासात पाचशे माणसाची येसर आमटी तयार. त्या दिवशी म्हातारी माणसं मागून मागून जेवली, म्हणली किती वर्षांनी लग्नात येसर मिळालं.

म्हणून आता सांगतो, वरणाऐवजी येसर आमटीच ठेवली तरी चालते, उलट चांगलं. गहू, हरभऱ्याची दाळ, धने, जिरे, मिरे भाजून दळलेलं पीठ, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, लग्न ठरलं की आपल्याकडं येसर दळायचा रिवाजच होता. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असंल तर त्यांच्या हातचं करून घ्या. आमटीला दाळ भिजवायची नाही शिजवायची नाही, मुहूर्त पुढं गेला तरी फक्त आधण थांबतं.

यातून जो नियम निघाला तो सगळ्याच सैपाकाला लावा. ओलं काहीही अक्षतेच्या दीड तासापेक्षा जास्त आधी तयार व्हायला नको, आणि तयार झालेलं गरम म्हणजे हात लावला की चटका बसावा असं राहिलं पाहिजे, 60 डिग्रीच्या खाली आलं की अन्नात जंतू वाढायला लागतात. भात एकदम शिजवू नका, दहा-दहा किलोचे घाणे, एक पंगत बसली की पुढचा घाणा. तांदूळ वर्षभर जुना घ्या, नवा चिकटतो. पुरीची कणीक अर्धा तास आधी, घट्ट, सैल कणीक तेल पिते, तेल नीट तापलं नसंल तरी पिते, चार डब्याचे सात डबे होतात त्यात हे पण एक कारण असतं. मंगलाष्टका सुरू झाल्या की कढई तापवायची. बुंदी आदल्या दिवशी, ती टिकते. दुधाचं गोड, बासुंदी, रबडी, मे महिन्यात दारातल्या लग्नाला अजिबात नको, कितीही कुणी आग्रह करू द्या. वांगी चिरली की मिठाच्या पाण्यात. मठ्ठा पितळेच्या भांड्यात करू नका, कल्हई गेलेली असंल तर कळकतो आणि बाधतो. आणि मठ्ठ्यात बर्फ टाकताना लादीचा निळसर बर्फ टाकू नका, खाण्याचा नसलेला बर्फ निळा ठेवायचा नियम 2018 पासून आहे, तो फक्त भांड्याच्या बाहेरून लावायला. आतला बर्फ घरच्या फ्रिजमधला, नाहीतर नुसता माठातल्या पाण्याचा मठ्ठा करा, कुणी नाव ठेवत नाही.

बुफे का पंगत? बजेट असंल तर पंगत. बुफेत माणूस एकदाच भरून घेतो आणि टाकतो. सव्वाशेची एक पंगत, अर्धा तास, चार पंगती म्हणजे दोन-अडीच तासात पाचशे उठतात. एका पंगतीला 12 वाढपी लागतात, गावातल्या पोरांना आदल्या रातीच बोलावून कोण काय वाढणार ते वाटून द्या. पोरांच्या हातात पुरी, पाणी, भात द्या. बुंदी आणि भाजी मोठ्या माणसाच्या हातात, पोरं वगराळं भरून ओततात. छोटी पळी द्या, दोनदा फिरा, माणूस तृप्त होतो आणि ताटात काही राहत नाही. पहिली पंगत लेकरं आणि लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसांची करा, दोन वाजेपर्यंत लेकरं उपाशी ठेवून मानाची पंगत आधी बसवायची पद्धत मला पटत नाही. पत्रावळी पळसाची नाहीतर कागदी, थर्माकोल घेऊ नका, 2018 पासून बंदी आहे आणि गुरं खातात.

भट्टीची जागा मांडवापासून वीस फूट तरी लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, चारी बाजूनं दोरी बांधायची आणि आत एकही लेकरू येऊ द्यायचं नाही. याच्यावर मी कुणाचंच ऐकत नाही. लग्नात लेकरं पळतात आणि वरणाची बगुनी, पाक, कढया सगळं जमिनीच्या उंचीवर असतं. एक माणूस फक्त दोरीपाशी उभा करा, त्याचं दुसरं काही काम नाही. टाक्या निळ्या, कमर्शिअल 19 किलोच्या घ्या, अशा ताटाला चार पुरतात, घरगुती लाल टाकी भट्टीला लावू नका, ते बेकायदा आहे. वाळूच्या दोन बादल्या शेजारी.

उरलेलं अन्न सांच्याला पाचच्या आत वाटून टाका, वस्तीवर, ऊसतोडीच्या नाहीतर वीटभट्टीच्या कोप्यांवर, पण चांगलं असतानाच, आपण स्वतः खाऊ असं असताना. भात दुसऱ्या दिवसाला ठेवू नका. वापरलेलं तळणाचं तेल गाळून फोडणीला एक-दोन दिवसातच संपवा, पुन्हा तळायला नको.

आणि भाड्याची भांडी त्याच सांच्याला मोजा. बगुनी, झारे, वगराळी, बादल्या, ताट, आणताना कोठीवरच्या माणसाच्या वहीत आकडे लिहिलेले असतात, त्याच वहीवर टिक करत परत द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं की दोन बादल्या कुणाच्या तरी गोठ्यात असतात आणि भांडेवाला नवीनचे पैसे लावतो.